स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअर कसं पारखावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीत असताना दृष्टी गेलेल्या एका गृहस्थांनी एनव्हीडीए हा पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर शिकून घेतला आहे. लेखन, मेल, हिशेब, ऑनलाइन मीटिंग आणि हौसेखातर थोडं ध्वनिसंपादन एवढ्यासाठी त्यांना सॉफ्टवेअर हवी आहेत. ‘अंधांना वापरता येणारी सॉफ्टवेअर’ अशा याद्या त्यांनी गोळा केल्या, पण त्यातलं एक घडाघडा बोलतं आणि दुसरं ढिम्म बसतं. त्यातच कार्यालयात हिशेबाची नवी प्रणाली येऊ घातली आहे आणि विकणारा म्हणतो, ‘आमचं पूर्ण ॲक्सेसिबल आहे’, म्हणजे अंधांनाही वापरता येतं. विश्वास कशावर ठेवायचा?

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. विश्वास यादीवर ठेवू नका आणि विकणाऱ्याच्या शब्दावरही ठेवू नका. ‘हे ॲक्सेसिबल आहे का?’ असं विचारलंत तर समोरचा ‘हो’च म्हणणार आणि त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही. विचारायचं ते असं: माझं अमुक एक काम, माझ्या स्क्रीन रीडरवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणालाही हाक न मारता होतं का? समजा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करता आली, जुनी नोंद शोधता आली, अहवालही तयार झाला, पण तो पीडीएफ करून पाठवायचं बटण कीबोर्डने गाठताच येत नाही. जिन्याची सातवी पायरीच नसेल तर बाकीच्या नऊ भक्कम असून काय उपयोग? विकणाऱ्याच्या लेखी मात्र ते नव्वद टक्के ॲक्सेसिबल असतं.

याद्या का फसवतात हे कळायला आत काय चालतं ते थोडं माहीत हवं. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघून वाचत नाही. प्रोग्राममधल्या प्रत्येक बटणाने, चौकटीने, यादीने आपली ओळख ऑपरेटिंग सिस्टीममार्फत कळवायची असते: नाव काय, प्रकार कोणता, आत्ताची अवस्था काय. ‘जतन करा, बटण.’ ‘मला लक्षात ठेवा, चेकबॉक्स, निवडलेला नाही.’ ही ओळख कळवली गेली तर ऐकू येते, नाही तर येत नाही. पूर्वी असं नव्हतं. डॉसच्या काळात पडद्यावर नुसती अक्षरंच असत. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठीच आला होता. विंडोज आल्यावर स्क्रीन रीडर इतर प्रोग्रामच्या चित्र काढण्याच्या आज्ञा मधल्या मध्ये पकडून पडद्याचा स्वतःचा नकाशा बनवत. त्यामुळे आळशीपणे लिहिलेला प्रोग्रामही थोडंफार बोलून जायचा. ओळख कळवण्याची ठरीव पद्धत म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणली, पुढे यूआय ऑटोमेशन आलं, ब्राउझरसारख्या प्रोग्रामसाठी आयॲक्सेसिबल२ आलं, आणि चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. ती जुनी पकडापकडी आता चालत नाही. प्रोग्रामने स्वतःहून सांगितलं तरच कळतं.

म्हणून एखादं सॉफ्टवेअर कशात बांधलं आहे यावरून बराच अंदाज येतो. विंडोजची स्वतःची बटणं आणि याद्या वापरणारे प्रोग्राम फारसे कष्ट न घेता बोलतात. डब्ल्यूएक्सविजेट्स या खिडक्या-बटणं बांधायच्या साधनसंचात लिहिलेले प्रोग्राम तशीच मूळ बटणं वापरतात, आणि एनव्हीडीएच्या स्वतःच्या खिडक्या त्यातच बांधलेल्या आहेत. याउलट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या टीकेइंटर या संचात केलेला छोटासा उपयुक्त प्रोग्राम विंडोजवर बहुधा मुका निघतो, कारण तो आपली बटणं स्वतःच रंगवतो आणि त्यांची ओळख कुणालाच देत नाही. जीटीके या संचावर बांधलेली विंडोजवरची सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अशीच होती. चित्रसंपादनाचं जिंप हे त्यातलं सगळ्यांच्या परिचयाचं नाव. क्यूटी या संचाचं मधलं आहे, लिहिणाऱ्याने लक्ष दिलं तर उत्तम, नाही तर अर्धवट. जावाच्या प्रोग्रामना जावा ॲक्सेस ब्रिज नावाचा दुवा लागतो. तो सुरू नसेल तर अख्खी खिडकी रिकामी वाटते आणि सुरू केला की तोच प्रोग्राम बोलू लागतो, म्हणून जावाच्या बाबतीत लगेच ‘नाही’ म्हणू नका. इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या प्रोग्रामच्या पोटात ब्राउझरच असतो. तिथे सगळं त्या पानाची मांडणी किती नीट लिहिली आहे यावर ठरतं.

हे सगळं शोधत बसायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांची तपासणी पुरते, आणि ती स्वतः करायची. डोळस मित्राला ‘जरा बघ ना’ म्हणालात तर तो माउसने बघेल.

सुरुवात इन्स्टॉल करण्यापासूनच होते. इन्स्टॉलरचं ‘पुढे’ बटण बोलत नसेल तर आतल्या गोष्टींबद्दल फार आशा ठेवू नका. पण इथेच निकालही देऊ नका, कारण इन्स्टॉलर पुष्कळदा वेगळ्याच कुणी केलेला असतो. प्रोग्राम उघडला की एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि टी दाबून खिडकीचं नाव ऐका. मग आल्ट. मेनू बोलतो का? बाणांनी खाली जाताना प्रत्येक आज्ञेसोबत तिचा शॉर्टकट ऐकू येतो का? मेनू नीट असलेलं सॉफ्टवेअर मला नेहमीच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं, कारण टूलबारवरच्या चित्रांना नावं नसली तरी तीच आज्ञा मेनूतून मिळते. हल्लीच्या ‘स्वच्छ’ दिसणाऱ्या सॉफ्टवेअरनी मेनू काढून टाकले, आणि ती स्वच्छता आपल्याला फार महागात पडली.

मग टॅब. एकेक थांबा ऐकत पूर्ण फेरी मारा, जिथून निघालात तिथे परत येईपर्यंत. ‘बटण, बटण, बटण’ असं नावाविना ऐकू आलं तर ती लेबल नसलेली चित्रं आहेत. एखादं दुसरं असेल तर चालवून घेता येतं, एनव्हीडीए की आणि टॅब दाबून पुन्हा ऐकायचं, दाबून बघायचं, लक्षात ठेवायचं. डझनभर असतील तर सोडून द्या. टॅब एखाद्या चौकटीत शिरून बाहेरच पडत नाही का, हेही पाहा. मोठ्या खिडक्यांमध्ये एफ ६ ने एका भागातून दुसऱ्या भागात जाता येतं का? यादीतल्या नोंदीवर शिफ्ट आणि एफ १० दाबल्यावर संदर्भ मेनू येतो का? अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘नाव बदला’, ‘काढून टाका’ यांसारख्या आज्ञा उजव्या क्लिकमध्येच दडवलेल्या असतात.

आता जरा बारकाईने ऐका. नाव ऐकू आलं म्हणजे काम झालं असं नाही. एखाद्या चेकबॉक्सवर स्पेस मारली की ‘निवडला’ असं लगेच ऐकू यायला हवं. नाव ऐकू येतं पण अवस्था कधीच नाही, असे चेकबॉक्स भरपूर भेटतात, आणि ते मुक्या बटणापेक्षा वाईट. मुकं बटण निदान गप्प असतं. हा चेकबॉक्स तुम्हाला आपण काय निवडलं आहे याबद्दल खोट्या खात्रीत ठेवतो.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा कस लागतो तो तक्त्यात. एक खोटी नोंद भरा आणि तक्त्यात बाणांनी फिरा. चांगल्या तक्त्यात उजवीकडे सरकलं की ‘जमा रक्कम, ४५००’ असं ऐकू येतं. वाईट तक्त्यात नुसतं ‘४५००’. ती जमा की नावे, कुठल्या तारखेची, कुठल्या खात्याची, काही पत्ता नाही. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण ओळ एका दमात वाचणारा तक्ता, ज्यात एकेका कप्प्यावर जाताच येत नाही. तुलनेसाठी एक्सेल घ्या. तिथे शीर्षकाच्या ओळीतल्या पहिल्या कप्प्यावर एनव्हीडीए की, शिफ्ट आणि सी एकदा दाबलं की पुढे प्रत्येक स्तंभ बदलताना शीर्षक आपोआप वाचलं जातं. हिशेबाचं सॉफ्टवेअर तक्त्यात अडखळत असेल, पण एक्सेलमधून नोंदी आत घेऊ देत असेल आणि बाहेर काढूनही देत असेल, तर ते मी एकदम बाद करणार नाही. भरणं आणि तपासणं एक्सेलमध्ये, साठवणं तिकडे, असा मार्ग निघतो. पण आयात-निर्यातीच्या खिडक्याही तपासून घ्या.

पुढचं पाऊल: मुद्दाम चूक करा. सक्तीची एखादी चौकट रिकामी ठेवून ‘जतन करा’ दाबा. डोळस माणसाला चौकटीभोवती लाल रेघ दिसते. तुम्हाला काय ऐकू येतं? पुष्कळदा काहीच नाही. नोंद जतन झाली असं समजून तुम्ही पुढे जाता, आणि महिनाअखेरीला ती सापडत नाही. कोपऱ्यात दोन सेकंद उगवून मावळणाऱ्या सूचनांचंही हेच. ‘फाइल पाठवली’ किंवा ‘कनेक्शन तुटलं’ हे बोललं गेलं पाहिजे. शेवटी एखादी छोटी खिडकी उघडून एस्केपने बंद करा आणि आपण कुठे आलो ते ऐका. जिथून गेलो तिथेच परत आलो तर बनवणाऱ्याने या प्रकाराचा विचार केलेला आहे. दरवेळी पानाच्या अगदी वरून सुरुवात करावी लागली तर दिवसभराच्या कामात ते असह्य होतं.

यावरून माझ्या आवडीचा मुद्दा येतो. ‘होतं’ आणि ‘परवडतं’ यात फरक आहे. एखाद्या चौकटीपर्यंत पोचायला दरवेळी चाळीस वेळा टॅब दाबावा लागत असेल, तर तांत्रिकदृष्ट्या ते सुगम्यच आहे, अहवालातही तसंच लिहिलं जाईल. पण दिवसाला शंभर नोंदी करणाऱ्याचं काय? म्हणून रोजच्या कामातली सर्वांत जास्त वेळा होणारी कृती निवडा आणि तिला किती कळा लागतात ते मोजा. शॉर्टकट असतील तर ते एनव्हीडीएच्या आज्ञांशी भांडतात का ते पाहा. एनव्हीडीए की आणि एफ २ दाबून पुढची कळ थेट प्रोग्रामकडे पाठवता येते, पण ती सोय कधीमधी वापरायची. दर मिनिटाला लागली तर वैताग येतो.

आणखी एक सापळा नवख्यांना कळत नाही. टॅबने सगळीकडे जाता आलं म्हणजे सगळं वाचलं असं होत नाही. डेस्कटॉप प्रोग्राममध्ये नुसता मजकूर, म्हणजे सूचना, एकूण बेरीज, शिल्लक, टॅबच्या वाटेवर नसतो. त्यासाठी एनव्हीडीएमधली ऑब्जेक्ट नेव्हिगेशन शिकून घ्याच. एनव्हीडीए की धरून अंकफलकावरच्या ४ आणि ६ ने शेजारच्या वस्तूंवर, ८ ने बाहेर, २ ने आत. लॅपटॉपवर याच्या कळा वेगळ्या आहेत. ज्यांना हे येतं ते अर्धवट सॉफ्टवेअरमधूनही काम काढून घेतात. ज्यांना येत नाही ते चांगल्या सॉफ्टवेअरलाही नावं ठेवतात.

ज्या ठिकाणी काहीच बोलत नाही तिथे अक्षर ओळखण्याची सोय आहे. विंडोज १० आणि पुढच्या विंडोजवर एनव्हीडीए की आणि आर दाबलं की समोरच्या वस्तूतलं लिखाण चित्रावरून ओळखून वाचता येतं, आणि वाचलेल्या शब्दावर एंटर मारला तर तिथे क्लिकही होतं. एखादा हट्टी इन्स्टॉलर पार करायला हे बेस्ट. रोजच्या कामाचं सॉफ्टवेअर मात्र त्याच्या भरवशावर निवडू नका. बटण निवडलेलं आहे की नाही, चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. चित्राचं वर्णन करणाऱ्या नव्या एआय सोयींचंही तेच, शिवाय त्या पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं सांगू शकतात, आणि हिशेबात ते नको.

स्क्रीन रीडर कोणता, यानेही उत्तर बदलतं. वेबएम या संस्थेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉज सांगणारे ४०.५ टक्के होते आणि एनव्हीडीए सांगणारे ३७.७ टक्के. संगणकावर एकाहून अधिक स्क्रीन रीडर वापरणारे सत्तर टक्क्यांच्या वर होते, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. तुमच्याकडे एनव्हीडीए आहेच. सोबत विंडोजमधला नॅरेटर जुजबी का होईना शिका. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं की तो सुरू होतो. एखादी खिडकी एनव्हीडीएत गप्प आणि नॅरेटरमध्ये बोलकी असेल तर दोष कुठे आहे याचा सुगावा लागतो. दोन्हींत गप्प असेल तर सॉफ्टवेअरच गुन्हेगार समजायला हरकत नाही. उद्या मॅक घ्यायचा विचार आला तर ही सगळी तपासणी मॅकच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरवर नव्याने करावी लागेल. विंडोजवर छान चालणारं तेच नाव मॅकवर तसंच चालेल असं धरून चालू नका.

जॉजच्या स्क्रिप्ट आणि एनव्हीडीएचे ॲड-ऑन या जोड-प्रोग्रामांनी अनेक मुकी सॉफ्टवेअर बोलती केली आहेत. पण सॉफ्टवेअर एखाद्या ॲड-ऑनवरच टिकून असेल तर तो कोण सांभाळतो ते विचारा. एनव्हीडीएच्या दर वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत, २०२४.१ किंवा २०२५.१ अशा, अंतर्गत रचना बदलते आणि जुने ॲड-ऑन नव्याने जुळवून घ्यावे लागतात. सांभाळणारा माणूस कंटाळला की तुमचं काम अडतं.

आता तुमच्या यादीकडे.

लेखनासाठी वर्ड घ्या, फार विचार करू नका. शीर्षकांवरून उडी मारणं, तक्ते, शेरे, स्पेलिंग तपासणं, सगळं स्क्रीन रीडरवर वर्षानुवर्षं घासूनपुसून झालेलं आहे. लिबरऑफिसचं रायटर साध्या लेखनाला पुरतं, गुंतागुंतीच्या दस्तऐवजात मला ते मागे पडलेलं जाणवतं. सहकारी गुगल डॉक्समध्ये काम करत असतील तर तेही जमतं, फक्त आधी कंट्रोल, आल्ट आणि झेडने स्क्रीन रीडरची सोय चालू करा आणि एनव्हीडीए फोकस मोडमध्ये, म्हणजे कळा थेट डॉक्सला जातील अशा अवस्थेत, ठेवा. नवखे तिथे ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान नुसतं वाचायच्या अवस्थेत, अडकतात आणि डॉक्सला दोष देतात.

देवनागरीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणूनच ऐकू येतो. तिथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. दुसरं, काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं चक्क गाळून पुढे जातात, म्हणजे तिथे काही लिहिलं होतं हेच कळत नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आहे. तो आवाज यांत्रिक आहे, पण गाळत नाही, आणि वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो. सॉफ्टवेअरची चाचणी त्याच आवाजावर घ्या.

मेलसाठी थंडरबर्ड किंवा आउटलुक, दोन्ही चालतात. जे कार्यालयात आहे ते घ्या. ब्राउझर फायरफॉक्स, क्रोम किंवा एज, तिन्ही ठीक. मीटिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही निवडतच नाही, बोलावणारा निवडतो. झूम आणि टीम्स दोन्हींत कीबोर्डने सगळी नेहमीची कामं होतात. फक्त गप्पांच्या सूचना बंद करा, नाही तर समोरचा बोलत असताना स्क्रीन रीडर मध्येच प्रत्येकाचे निरोप वाचत बसतो. मीटिंगमध्ये कुणी पडदा शेअर केला तर त्यातलं तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही, ते नुसतं चित्र असतं. फाइल आधी मागून घ्यायची सवय लावा. पुस्तकं वाचायला इपब असेल तर थोरियम रीडर छान आहे.

ध्वनिसंपादनाबद्दल थोडं सविस्तर, कारण हे क्षेत्र मजेशीर आहे. काम पूर्ण कानाचं, आणि सॉफ्टवेअर मात्र लाटांच्या चित्रांनी भरलेली. ऑडॅसिटीपासून सुरुवात करा. वर-खाली बाणांनी ट्रॅक बदलतात. वाजत असतानाच डावा चौकटी कंस दाबला की निवडीची सुरुवात तिथे लागते, उजवा दाबला की शेवट. मग डिलीट. खोकला काढायला एवढं पुरतं, आणि डोळस माणूस लाटा बघत माउसने ओढाताण करेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं. ऑडॅसिटी ३ हे डब्ल्यूएक्सविजेट्सवर आहे. पुढची ४ ही आवृत्ती क्यूटीवर नव्याने बांधलेली, म्हणून तिच्यावर जायच्या आधी वरची सगळी तपासणी पुन्हा करा आणि ३ काढून टाकू नका. काम वाढलं, अनेक ट्रॅक आले, तर रीपर. रीपर आपल्या खिडक्या स्वतःच रंगवतं, त्यामुळे नुसतं उघडलं तर जवळपास मुकं. पण ओसारा नावाचं मोफत विस्तार-सॉफ्टवेअर त्यात घातलं की ट्रॅकचं नाव, तो म्यूट आहे का, कर्सर कुठल्या मापावर आहे, सगळं बोलतं. ओसारा लिहिणारे जेम्स टेह हे एनव्हीडीए उभं करणाऱ्या दोघांपैकी एक, दुसरे मायकेल करन, ज्यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए सुरू केलं. यादीत ‘रीपर: ॲक्सेसिबल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ओसाराचा उल्लेख नसतो. तुमच्या याद्यांमधली निम्मी मुकी सॉफ्टवेअर अशा गाळलेल्या ओळीमुळे मुकी निघाली असण्याची शक्यता आहे.

‘खास अंधांसाठी’ म्हणून बनवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. ब्रेल रूपांतर, डेझी ही बोलकी पुस्तकं अशी कामं सोडली तर सर्वांचं असतं तेच वापरा. सहकाऱ्याची फाइल तुमच्याकडे आणि तुमची त्याच्याकडे जशीच्या तशी उघडली पाहिजे, अडलं तर शेजारच्याला विचारता आलं पाहिजे. स्वतःच बोलणारी सॉफ्टवेअर तर शक्यतो टाळाच. एनव्हीडीए एका बाजूने आणि ते दुसऱ्या बाजूने बोलतं, ब्रेल डिस्प्लेवर काही उमटत नाही, आणि आवाजाचा वेग तुमच्या हातात राहत नाही.

राहिली कार्यालयाची हिशेब प्रणाली. विकणाऱ्याकडे व्हीपॅट मागा. अमेरिकेतल्या सेक्शन ५०८ या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमासाठी तयार झालेला हा अहवालाचा नमुना आहे, युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकासाठीही तो वापरतात. भरलेल्या व्हीपॅटमध्ये प्रत्येक निकषापुढे ‘सपोर्ट्स’, ‘पार्शली सपोर्ट्स’, ‘डझ नॉट सपोर्ट’ असा शेरा असतो. सगळं वाचायची गरज नाही. डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या मानकातले चार निकष शोधा: २.१.१ म्हणजे कीबोर्ड, १.३.१ म्हणजे तक्ते आणि चौकटींची मांडणी कळते का, ४.१.२ म्हणजे नाव, प्रकार आणि अवस्था, आणि ४.१.३ म्हणजे सूचना बोलल्या जातात का. शेरा कोणता यापेक्षा शेजारच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते बघा. ‘अहवालाच्या खिडकीत तारीख निवडण्याचं कॅलेंडर कीबोर्डने चालत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते. सगळीकडे ‘सपोर्ट्स’ आणि रकाने कोरे असतील तर तो भरणाऱ्याने स्क्रीन रीडर कधी सुरू केला असेल असं वाटत नाही. व्हीपॅट कुठल्या आवृत्तीचा आणि किती जुना आहे, कुठल्या स्क्रीन रीडरवर तपासलं, हेही विचारा. ‘आमच्याकडे हाय कॉन्ट्रास्ट आहे, अक्षरं मोठी होतात’ असं उत्तर आलं तर त्यांना प्रश्नच कळलेला नाही.

मग प्रात्यक्षिक मागा, पण त्यांच्या हाताने नको. चाचणीची प्रत घ्या, तुमच्या संगणकावर, तुमच्या एनव्हीडीएवर, कार्यालयाच्या खऱ्या कामातला एक नमुना घेऊन बसा: नोंद, दुरुस्ती, शोध, अहवाल, छपाई, आणि पासवर्ड बदलणंसुद्धा, कारण लॉगिनच्या पानावर चित्रातली अक्षरं ओळखायला सांगणारा कॅप्चा असला तर पुढचं सगळं वाया. ही प्रणाली रिमोट डेस्कटॉपवरून चालणार आहे का, हे हमखास विचारा. तसं असेल तर तुमच्या संगणकावर पलीकडच्या पडद्याचं नुसतं चित्र येतं आणि इकडचा स्क्रीन रीडर गप्प राहतो. एनव्हीडीए पलीकडच्या संगणकावरही लागतं. २०२५.१ पासून दोन एनव्हीडीए जोडण्याची सोय आतच आहे, पण सर्व्हरवर ते बसवायला संगणक विभागाची परवानगी लागेल. ती चर्चा खरेदीच्या आधी व्हायला हवी. चाचणीत जे अडलं ते दुरुस्त करून देण्याची मुदत करारात लिहून घ्यायला सांगा. खरेदी झाल्यावर ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ एवढंच ऐकायला मिळतं.

अडलं ते कळवायचंही तंत्र आहे. ‘तुमचं सॉफ्टवेअर अंधांना चालत नाही’ या वाक्यावर कुठलाही प्रोग्रामर काही करू शकत नाही. असं लिहा: नोंदीच्या खिडकीत ‘रक्कम’ चौकटीनंतर टॅब दाबला, एनव्हीडीए ‘बटण’ एवढंच म्हणालं, ‘नवी ओळ, बटण’ असं अपेक्षित होतं. सोबत विंडोजची, एनव्हीडीएची आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती द्या. एनव्हीडीएच्या साधनांमध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, जे जे बोललं गेलं ते त्यात लिहून येतं, ते तिथून उचलून चिकटवा. त्या मुक्या बटणावर नेव्हिगेटर (ऑब्जेक्ट नेव्हिगेशनमध्ये हलतो तो कर्सर) ठेवून एनव्हीडीए की आणि एफ १ दाबलं तर लॉगमध्ये त्याची तांत्रिक माहिती उघडते. तुम्हाला ती कळली नाही तरी चालेल, प्रोग्रामरला त्यात नाव रिकामं आहे हे एका नजरेत दिसतं, आणि लेबल घालणं हे बहुतेक वेळा एका ओळीचं काम असतं.